सारजेच्या आडाचा दोर

तहान लागली असली तरी इथं कुणी तुम्हाला पाणी ओतून देणार नाही. रागावू नका, आमच्या वस्तीची रीतच तशी आहे. पाहुणा असो की पाळक, आम्ही फक्त दोर हातात देतो. पोहरा सोडायचा आणि आपलं पाणी आपण ओढायचं. ही रीत सारजाबाईनं घातली, म्हणून ह्याला सारजेचा आड म्हणतात.

त्या काळी वस्तीनं नुकताच बाप्तिस्मा घेतला होता, पण गावच्या विहिरीला त्याचं काय! आमच्या लोकांनी खाली घागर धरून बसायचं, गावातल्या कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. एके दिवशी सारजेची पोर मंजुळा तापानं फणफणली. सारजा सकाळीच विहिरीपाशी जाऊन बसली. काठावर हैबतराव पाटील पान चघळत होता. त्यानं गड्यालाही पाणी ओतू दिलं नाही. "बस की, घाई कसली?" म्हणाला म्हणे. घागर भरली तेव्हा दिवस कलला होता. त्या पाण्यानं सारजेनं पोरीला शेवटची अंघोळ घातली.

तिथंच तिनं शपथ घेतली. "ह्या पाटलाच्या ओंजळीत मी एक दिवस वरून पाणी ओतीन, आन् ओठापाशी आलं की हात आखडीन."

पुढं वस्तीनं खडक फोडून हा आड खणला. पाणी लागलं त्या रविवारी शांतवन पाळकांनी दोर आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये आणला. दोर सांभाळणाऱ्यानं आल्यागेल्याला पाणी द्यायचं, नाही म्हणायचं नाही, असं ठरलं होतं. सगळ्यांना वाटलं, हा मान वडीलधाऱ्या योहानबाबांचा. पाळकांनी प्रार्थना केली आणि दोर नेऊन सगळ्यांच्या मागं बसलेल्या सारजेपुढं ठेवला.

"माझ्या हाती नका देऊ, पाळकबाबा," ती म्हणाली. "पाटील आला तर मी सूड घेईन."

"ठाऊक आहे मला, बाई. पण बोलावणं तुझ्याच नावाचं आलंय."

तोंड वाकडं करून का होईना, सारजेनं दोर उचलला. मग ऊन असो, पाऊस असो, पहाटे ती आडावर हजर. कुणी रिकाम्या घागरीनं परत गेलं नाही. देवाकडं मागणं मात्र एकच होतं, "प्रभू, पाटलाला तहानेला धाड." खोटं कशाला बोलू, निम्मी वस्ती त्याला आमेन म्हणायची.

आणि देवानं ऐकलं. असा दुष्काळ पडला की गावच्या विहिरीत चिखलही उरला नाही. एका दुपारी हैबतराव नातीला खांद्यावर घेऊन इथं आला. पोर तापानं फणफणलेली. बघायला सगळी वस्ती लोटली. पाटलानं नातीला खाली ठेवलं, वाकला आणि ओंजळ पुढं केली.

सारजेनं भरलेला पोहरा उचलला. असं सांगतात की वर बघून ती मोठ्यानं म्हणाली, "देवा, एवढं एकदा माझ्या मनासारखं होऊ दे!" मग पोहरा तसाच धरून, वर कान लावून राहिली. तिला काय ऐकू आलं, ते तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तिनं पोहरा परत आडात सोडला आणि दोर पाटलाच्या ओंजळीत ठेवला.

"वाकू नका पाटील, ओढा. आजपासून हितं पाण्यासाठी कुणी कुणाच्या हाताकडं बघत बसणार नाही."

आमच्या दोराला हात लावायचा म्हणजे पाटलाच्या सात पिढ्या बाटायच्या! तो घुटमळला. नात पाणी पाणी करत कण्हली, तेव्हा त्यानं ओढलं. तळव्यांची सालटी निघाली म्हणे, आणि हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं. पोरीला मांडीवर घेऊन भिजल्या पदरानं तिचे ओठ ओले केले, ते मात्र सारजेनं. पोर वाचली.

सारजेनं माफ केलं का? आमचे पाळक म्हणतात, केलं. मला नाही तसं वाटत. राग होता तसाच होता, तरी तिनं सोपवलेलं काम केलं. मला तर हे माफीपेक्षा अवघड दिसतं.

आजही सुगीच्या उपासनेला नवा दोर देवळात येतो आणि ज्याच्या पोटात सगळ्यात जास्त राग, त्याच्यापुढं ठेवला जातो. यंदा तो माझ्याकडं आहे. माझा बांध कोरून वर मलाच कोर्टात खेचणारा माझा चुलतभाऊ तो बघा, घागर घेऊन येतोय. सरका जरा, त्याच्या हातात दोर द्यायचाय.