हाक मारील त्याची होडी

फार पूर्वीची गोष्ट. एका रुंद नदीच्या काठी एक मोठं गाव होतं आणि पलीकडच्या काठावर एक लहानशी वाडी होती. गावात बाजार होता, राजाचं धान्याचं कोठार होतं, आजाऱ्यांना बघायला सरकारी वैद्य यायचे. वाडीत यातलं काहीच नव्हतं. वाडीची माणसं टोपल्या विणायची, मडकी घडवायची, शेळ्या राखायची आणि काहीही लागलं की नदीपलीकडे बघायची.

राजा भला होता. त्याने हुकूम काढला की नदीवर सरकारी होडी राहील, ती सगळ्यांची असेल आणि तिथे लहान-मोठा, आपला-परका असा भेद कुणी करायचा नाही. होडी चालवायला एक नावाडी नेमला आणि देखरेखीला एक कारभारी.

कारभारी प्रामाणिक होता. त्याने आयुष्यात कुणाकडून काकडीसुद्धा फुकट घेतली नव्हती. त्याचा आवाजही असा खणखणीत, की तो गावच्या घाटावरून बोलला तर वाडीतली कुत्री कान टवकारायची.

सुरुवातीला पलीकडून कुणी हात केला की होडी निघायची. पण व्हायचं काय, हात करायचा एकाने आणि होडी टेकली की चढायचे सगळे, बोचक्या-गाठोड्यांसकट. एकदा भर नदीत होडी कलंडली. मिरच्यांची पोती वाहून गेली आणि माणसं कशीबशी काठाला लागली.

तेव्हा कारभाऱ्याने नियम केला. ज्याला होडीत बसायचं आहे त्याने वाडीच्या काठावरून स्वतः हाक मारायची. जेवढ्या हाका, तेवढी माणसं. एकाने दुसऱ्यासाठी हाक मारायची नाही. तान्ही मुलं तेवढी आईच्या आणि जनावरं धन्याच्या हाकेवर येतील. कारभारी घाटावर बसून हाका मोजायचा आणि होडी आली की डोकी मोजायचा. वाडीतला प्रत्येक आवाज त्याला ओळखू यायचा.

नियम चांगला होता, हे कबूल करायला हवं. त्यानंतर होडी कधी कलंडली नाही. आणि कारभारी तो सगळ्यांना सारखा लावायचा. एकदा राजाचा मेहुणा शिकारीहून परतताना वाडीच्या काठावर आला. त्याने नोकराला हाक मारायला सांगितलं. कारभारी म्हणाला, चालणार नाही. शेवटी मेहुणेबुवांनी पगडी सावरत, इकडेतिकडे बघत स्वतः हाक मारली, तेव्हा कुठे होडी हलली. राजाला हे कळलं तेव्हा तो मनापासून हसला आणि त्याने कारभाऱ्याला शेला दिला. तेव्हापासून कारभाऱ्याची मान जरा ताठच राहायला लागली.

वाडीत एक म्हातारी आणि तिची मुलगी धुरपा राहायच्या. दोघी टोपल्या विणायच्या. धुरपा जन्मापासून मुकी होती. पण मुकी म्हणजे गप्प नव्हे. ती हातांनी बोलायची, आणि काय बोलायची! शेजारीण कशी चालते, शेळीने कुणाचं धोतर खाल्लं, पावसाचा रंग काय दिसतो, सगळं तिच्या बोटांतून यायचं. म्हातारीला ते सगळं कळायचं. दोघी टोपल्या विणता विणता मध्येच थांबायच्या आणि खो खो हसायच्या.

पुढे म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी धुरपाची बोटं पुसट झाली, मग हात पुसट झाले, मग काहीच दिसेना. धुरपा बोलायची, पण आईला कळायचं नाही. शेवटी तिने आईच्या तळहातावर चार खुणा ठरवल्या. जेव. पाणी. चल. थांब. एवढ्यावर दोघींचा संसार चालला. बाकीचं सगळं धुरपाच्या हातांतच राहिलं. म्हातारीला अंधाराचं दुःख होतंच, पण लेकीचं बोलणं बंद झालं याचं त्याहून जास्त होतं.

गावात सरकारी नेत्रवैद्य वर्षातून दोनदा यायचा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा होळीच्या आधी. एका दिवसात जेवढे होतील तेवढ्यांचे डोळे बघायचा आणि पुढच्या गावी जायचा. दिवाळीनंतर तो आला त्या दिवशी धुरपा आईचा हात धरून काठावर गेली. इतरांनी हाका मारल्या. म्हातारीने मारली, पण तिचा आवाज कसला, नदीच्या पहिल्या लाटेवरच विरला. धुरपाने तोंड उघडलं, हात हलवले, परातही वाजवली. शेजारच्या कुंभाराला राहवेना. त्याने आवाज बदलून दोघींच्या वतीने हाका मारल्या. कारभाऱ्याने पलीकडे बसल्या बसल्या ओळखलं की आवाज कुंभाराचा आहे.

होडी आली तेव्हा नावाड्याने दया येऊन दोघींना बसवून घेतलं. पण घाटावर कारभाऱ्याने डोकी मोजली आणि हाकांपेक्षा डोकी जास्त भरली.

"मला वाईट वाटतं, बाई," कारभारी म्हातारीला म्हणाला. "पण नियम सगळ्यांना सारखा. राजाच्या मेहुण्यालाही मी सोडलं नाही. आज तुम्हाला सोडलं, तर उद्या प्रत्येक जण कारण सांगेल."

दोघी त्याच होडीने परत गेल्या. वैद्य संध्याकाळी पुढच्या गावी गेला. कारभाऱ्याला खरंच वाईट वाटलं होतं, पण रात्री त्याला झोपही छान लागली. आपण कुणावर अन्याय केला असं त्याला वाटलंच नाही. मला तर वाटतं, जाणूनबुजून अन्याय करणारा परवडला. त्याला निदान कधीतरी खुपतं तरी.

पुन्हा असं होऊ नये म्हणून त्याने नावाड्याची परीक्षाही घेतली. एक दिवस तो स्वतः वाडीच्या काठावर जाऊन उभा राहिला आणि मुकाट्याने हात हलवू लागला. बिचारा नावाडी लगबगीने होडी घेऊन गेला आणि भरपूर बोलणी खाऊन परत आला. हाक नाही तर होडी नाही, मग समोर कुणीही असो, हे त्याने मनात पक्कं बसवलं.

होळी जवळ आली. नेत्रवैद्य येणार त्याच्या आदल्या दिवशी वाडीत कारभाऱ्याच्या भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून कारभारी मांडवात पुढे. मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्याने जो सूर लावला, तो काही केल्या सोडेना. भटजींची संपली तेव्हा त्याने स्वतः रचलेली काढली. त्यांत नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नावही बसवलं होतं. अक्षता टाकून टाकून लोकांच्या मुठी रिकाम्या झाल्या. त्यावर जेवताना आंबट मठ्ठा झाला आणि मुक्काम उघड्या मांडवात. सकाळी उठून त्याने पाणी मागितलं, तर तोंडातून नुसता वारा आला. घसा पार बसला होता.

आज वैद्याचा दिवस, घाटावर गर्दी होणार, म्हणून तो तसाच काठावर गेला. पलीकडे नावाडी होडीत बसलेला दिसत होता. कारभाऱ्याने हाक मारली. आवाज त्याच्या त्यालाही ऐकू आला नाही. मग त्याने हात हलवले, पगडी हलवली, उपरणं फडकवलं. नावाड्याने हे सगळं नीट पाहिलं, हाताची घडी घातली आणि तो दुसरीकडे बघत बसला. या वेळी फसायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

हळूहळू वाडीची माणसं जमली. त्यांनी एकेक करून हाका मारल्या, तेव्हा होडी आली. लोक चढले. एकाने शेळीही चढवली. कारभारी पुढे झाला, तसा नावाडी खाली उतरून अदबीने म्हणाला, "परीक्षा घेत होता न्हवं कारभारी? म्या हललो न्हाई बगा."

कारभाऱ्याने गळ्याकडे बोट दाखवलं. घसा बसलाय हे कळल्यावर नावाडी पेचात पडला. कुंभार म्हणाला, मी मारतो की यांच्या वतीने हाक. नावाडी म्हणाला, तसं चालत नाही, आवाज ज्याचा त्याचाच लागतो. लोक तोंड फिरवून हसू लागले. नावाड्याने डोकं खाजवलं.

"पर तुमी कारभारी," तो शेवटी म्हणाला. "तुमास्नी कसं सोडून जाऊ? बसा."

एकच जागा उरली होती. कारभाऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्याने एक पाय होडीत टाकला.

त्याच्या मागेच धुरपा आईला घेऊन उभी होती. हाक पोचणार नाही हे ठाऊक असूनही ती आली होती. हा दिवस गेला तर पुढे दिवाळीपर्यंत वाट बघायची, आणि पिकलेला मोतीबिंदू तोवर थांबेल याचा काय भरवसा? तिने आईच्या तळहातावर थांबण्याची खूण केली. पण म्हातारीने सगळं बोलणं ऐकलं होतं. ती आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली,

"कारभारी, तुमचा आवाज आज गेला. माझ्या पोरीचा कधी आलाच न्हाई. होडीत ती शेळी वरडतीया न्हवं, तिनं मारली व्हती का हाक? शेळीला जागा हाय. माझ्या पोरीलाच न्हाई व्हय?"

एरवी कारभाऱ्याने घाट दणाणून जाईल एवढ्या आवाजात नियम ऐकवला असता. आज उत्तर द्यायला आवाज नव्हता, म्हणून त्याला ते ऐकून घ्यावं लागलं. त्याने एकदा म्हातारीकडे बघितलं, एकदा धुरपाकडे. तासभर हात हलवताना आपल्याला कसं वाटत होतं ते त्याला आठवलं. आपण धडधडीत दिसत असताना समोरचा माणूस तोंड फिरवतो, हे या मुलीच्या वाट्याला वर्षानुवर्षं येत असणार. आणि त्याला लाज वाटली. आपल्याला मोजायची होती माणसं, आणि आपण आवाज मोजत बसलो.

त्याने होडीतला पाय मागे घेतला. म्हातारीचा हात धरून तिला रिकाम्या जागेवर बसवलं. मग धुरपासाठी जागा कुठे करावी म्हणून तो एकेकाकडे बोट दाखवत डोकी मोजू लागला. शेळीचा मालक समजूतदार होता. त्याने शेळी खाली उतरवली, तिची दोरी कारभाऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला आणा."

धुरपा आईशेजारी बसली. डोकी जागांएवढीच भरली. होडी निघाली आणि काठावर राजाचा शेला मिळवलेला कारभारी शेळी धरून उभा राहिला. शेळीने उपरण्याचं टोक चावायला घेतलं, पण त्याने तिला हाकललं नाही. त्याला हलकं हलकं वाटत होतं.

त्याचा घसा चार-दोन दिवसांत सुटला. पण नियम त्याने त्याआधीच बदलला, तोही हातवारे करून. होडी आता सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपणहून वाडीच्या काठावर जाऊ लागली, मग कुणी हाक मारो न मारो. तिथेच डोकी मोजायची आणि जागा असेल तेवढी माणसं घ्यायची. उरलेल्यांना पुढच्या खेपेला पहिली जागा. राहिलेल्यांत म्हातारं, आजारी कुणी असेल तर नावाडी गावच्या घाटावर माणसं उतरवून लगेच त्यांच्यासाठी परत फिरायचा. होडी कधी कलंडली नाही. राजाने विचारलं की एवढा नावाजलेला नियम का मोडला, तेव्हा कारभारी म्हणाला, "महाराज, तुमचा हुकूम होता होडी सगळ्यांची. मी ती मोठ्या आवाजाच्या माणसांची करून ठेवली होती." राजा या वेळी हसला नाही. त्याने फक्त मान डोलावली.

आणि म्हातारी? वैद्याने तिच्या डोळ्यांतला पडदा काढला, पट्टी बांधली आणि अमुक दिवशी सोडा म्हणून सांगितलं. तो दिवस आला तेव्हा वाडीतली निम्मी माणसं त्यांच्या अंगणात जमली होती. कुंभाराच्या बायकोने पट्टी सोडली. म्हातारीने डोळे किलकिले केले. समोर धुरपा बसली होती. क्षणभर तिचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. मग एक बोट हललं, मग दुसरं, आणि मग दोन्ही हात असे सुटले की थांबेचनात. इतक्या महिन्यांचं साठलेलं, शेजारणीचं, पावसाचं, भीतीचं, सगळं एकदम बाहेर येऊ लागलं.

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. वैद्याने रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण ते कोण ऐकतंय. तिने लेकीचे दोन्ही हात पकडले आणि हसत म्हणाली,

"हळू बोल गं बाय, हळू. एकदम किती बोलशील?"

तात्पर्य: सगळ्यांना एकच नियम लावला म्हणजे सगळ्यांना न्याय मिळाला असं नाही, काठावर कोण राहून गेलं ते बघून जो परत फिरतो, त्याचीच होडी सगळ्यांची.