मोतीरामाने केलेली शांतता

"या घरात एक तर ही पेटी राहील, नाहीतर मी राहीन!"

"मग पेटीच राहू दे, आत्या. पेटी निदान दर तासाला चहा मागत नाही."

"चहा मागत नाही, पण घरघरते! दिवसभर घर्र घर्र. पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. आणि एवढं करून आत काय, तर बोटाएवढे दोन मासे. तळले तर कढईला पत्ताही लागायचा नाही."

"तळायचं नाव काढलंत तर बघा हां!"

हे भांडण सकाळी चहाबरोबर सुरू झालं होतं आणि कालवण उकळलं तरी निवलं नव्हतं.

भांडणाऱ्या दोघी कोण ते सांगते. खाडीकाठच्या एका गावात मोतीराम नावाचा भोळा होडीवाला राहायचा. भोळा म्हणजे मूर्खच, पण त्याच्या आईच्या तोंडाला लागायची हिंमत नव्हती म्हणून लोक भोळा म्हणायचे. ती आई म्हणजे भागीरथी. जन्मभर डोक्यावर टोपली घेऊन मासे विकलेली बाई. मासे पाळतातसुद्धा, हे तिला म्हातारपणी कळलं आणि ते तिला अजिबात पटलं नाही. दुसरी मोतीरामाची बायको कुमुद, अंगणवाडीतली बाई. ती सासूच्याच माहेरची, खाडीपलीकडच्या पाडाव गावची, म्हणून सासूला आत्या म्हणायची. भागीरथीने स्वतः पारखून आणलेली सून ती, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

कुमुदच्या भावाने तिला काचेची टाकी दिली होती. आत खारं पाणी आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, बाहेर पाण्यात हवा सोडणारा घरघरता पंप. दारात समुद्र असताना घरात डबाभर समुद्र कशाला, म्हणून गाव हसलं. हसू दे. बाईला एखादी गोष्ट नुसती आवडते म्हणून हवी असते, हे गावाच्या डोक्यात कधी शिरलंय?

पण आठवडा झाला, त्यातली मादी दगडामागे दडून बसली होती. काही खात नव्हती.

"पंपाची थरथर काचेतून पाण्यात उतरते," कुमुद सांगत होती. "आपल्या नुसत्या कानावर येते, त्यांच्या अंगावर येते. अशीच उपाशी राहिली तर मरेल हो ती."

"मग सोड खाडीत."

"ते इकडच्या पाण्यातले नाहीत, आत्या. खाडीत दिवसभरसुद्धा जगायचे नाहीत."

मोतीराम उंबरठ्यावर बसून वल्ह्याला तेल लावत होता. कुमुद कामाला निघता निघता त्याला म्हणाली, "अहो, मी येईपर्यंत तो आवाज बंद करा."

"बरं," मोतीराम म्हणाला.

सांगितलेलं मोतीराम कधी विसरायचा नाही. त्याने बटण बंद केलं. घर शांत झालं. भागीरथी खूश होऊन आडवी झाली. दुपारी कुमुद येऊन बघते, तर दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासतायत.

तिने धावत जाऊन बटण लावलं. "अहो, पंप बंद केलात तर ते श्वास कसा घेणार?"

"तू आवाजाचं सांगितलंस. श्वासाचं नाही सांगितलंस."

"बंद नाही करायचं! जे घरघरतं, त्याच्याखाली काहीतरी मऊ सारायचं. असं." तिने स्पंजचा तुकडा पंपाखाली सारला. घरघर निम्म्यावर आली.

"बरं," मोतीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुमुद कामावर गेली आणि भागीरथी दुपारची झोपली. झोपली की ती घोरायची. मोतीरामाने कान दिला. घरघर तीच, फक्त पंपापेक्षा मोठी. त्याने मऊ काही मिळतंय का बघितलं. न्हाणीच्या दाराशी पायपुसणं होतं. ओलं होतं, पण मऊ होतं. आईचं डोकं अलगद उचलून त्याने ते खाली सारलं.

भागीरथी जी किंचाळली, ती बंदरावर ऐकू गेली. दगडामागून नुकतीच डोकावलेली मादी परत दगडामागे.

"अरे मेल्या, जिवंतपणी मला अंघोळ घालतोस?"

"घोरणं थांबलं ना, आये?"

संध्याकाळी कुमुदने कपाळाला हात लावला. "अहो, माणसाखाली नाही सारायचं! थरथर कुठून येते ते आधी बघायचं. जे कशाला टेकलेलं असेल, ते ओढून सुटं करायचं." तिने पंप काचेपासून बोटभर लांब केला. घरघर आणखी कमी झाली.

"बरं," मोतीराम म्हणाला.

नंतरच्या दिवशी शेजारचे दाजी भिंतीला भिंत लागून असलेल्या आपल्या छपरावर कौलं बसवत होते. ठक ठक ठक. टाकीतलं पाणी हलायला लागलं. मोतीराम बाहेर आला. थरथर कुठून येते? भिंतीतून. भिंतीला काय टेकलंय? शिडी. त्याने शिडी ओढून सुटी केली.

दाजी नेमके तिच्यावरच पाय ठेवत होते.

"मोत्या! शिडी लाव!" दाजी वाशाला लोंबकळून ओरडले.

"टेकवायची नाही, दाजी. थरथर येते."

"अरे, मी पडतोय!"

"मग पडताना आवाज करू नका. आत मासे आहेत."

दाजी खाली आले. शिडीवरून नाही. सगळी आळी गोळा झाली. कोणी पाणी आणलं, कोणी हळद आणली, आणि सगळ्यांनी मिळून टाकीपुढेच बोंबाबोंब केली. नरसुद्धा दगडामागे गेला.

कुमुदने लोकांना बाहेर काढलं, दिवा मालवला आणि टाकीवर जुनं पातळ टाकलं. "आता तरी शिका हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "घाबरलेल्या जिवाभोवती गर्दी करायची नाही. दिवा मालवायचा, वरून कापड टाकायचं आणि त्याला एकटं सोडायचं."

"बरं," मोतीराम म्हणाला.

दिवेलागणीला भागीरथी न्हाणीत गेली आणि आतून ओरडली, "मोत्या, धाव! साप!"

मोतीराम धावला. मोरीपाशी लांबलचक धामण. पालथ्या बादलीवर आई, थरथर कापत. आई घाबरली आहे, एवढं त्याने बरोब्बर ओळखलं. त्याने दिवा मालवला, आईच्या अंगावर चादर टाकली, बाहेर आला आणि कडी लावली.

"आये, आता एकटी बस. बरं वाटेल."

कडी कुमुदने काढली. दाजी लंगडत आले. काठीने धामण हळूच पोत्यात घेतली आणि शेताच्या बांधावर, जिथून ती आली असेल तिथं, सोडून आले. चादरीतून बाहेर आलेल्या भागीरथीने पहिलं काय केलं असेल? टाकीकडे बोट दाखवलं. "ही अवदसा आल्यापासून माझा पोरगा बिघडला. उद्या ते मासे खाडीत!"

पोरगा आधी कधी सुधारलेला होता, ते विचारायची सोय नव्हती.

कुमुद नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "बघितलंत ना दाजींनी काय केलं? ज्याच्यामुळे त्रास, त्याला गुपचूप उचललं आणि जिथून आलं तिथं नेऊन सोडलं. एवढं तरी घ्या डोक्यात."

"बरं," मोतीराम म्हणाला.

सकाळी भांडण पुन्हा पेटलं, तेही टाकीसमोरच. भागीरथी म्हणे आजच्या आज, कुमुद म्हणे हात लावून तर बघा. मादी दगडामागून जरा पुढे आली होती, दाण्याकडे तोंडही केलं होतं तिनं. भागीरथीने टेबलावर हात आपटला आणि ती परत दिसेनाशी झाली.

मोतीरामाने पंपाकडे बघितलं. पंप जवळजवळ गप्पच होता. मग आईकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. मग विचार केला. त्याला विचार करताना बघून शहाण्या माणसाने पळून जावं. या दोघी भांडत राहिल्या.

दोघी एकमेकींवर डोळे वटारत असताना त्याने घमेलं भरलं, वरून कापड झाकलं आणि होडीत नेऊन ठेवलं. "चला," तो म्हणाला, "त्रास सोडून येऊ."

"शहाणा माझा बाळ!" भागीरथी लगबगीने होडीत चढली. "मी डोळ्यांनी बघणार."

"अहो, नको! पाया पडते!" म्हणत कुमुद मागून चढली आणि घमेल्याला मिठी मारून बसली. एकदम उजेड पडला तर मासे दचकतील, म्हणून बिचारीने कापडही उचललं नाही.

"आत्या, तुम्हाला काळीज म्हणून आहे का?"

"आहे तर! तुझ्या त्या माशांपेक्षा मोठं आहे!"

मोतीराम वल्हं मारत होता. खाडीच्या मधोमध भागीरथी म्हणाली, "इथं टाक, मोत्या."

"इथून नव्हतं आणलं, आये."

होडी पाडावला लागली. "उतरा," मोतीराम म्हणाला. भांडणाच्या भरात दोघी घमेल्यासकट उतरल्या. त्याने होडी लगेच पाण्यात लोटली.

भागीरथीने कापड ओढलं. आत तिची दोन लुगडी, मिशरीची डबी, कुमुदच्या साड्या आणि फणी.

"मेल्या, मासे कुठायत?"

"घरी. टाकीत."

"मग त्रास कुठला सोडलास?"

"तुम्हा दोघींना. गावात तुमच्याएवढा आवाज कशाचाच नाही. आणि दोघींना इथूनच तर आणलंय."

मोतीराम खुशीत वल्हं मारायला लागला. खाडीवर होडी तेवढी एकच.

"काळजी करू नका," तो होडीतून ओरडला. "आता घरात शांतता आहे. गेल्या गेल्या मी त्यांना पोटभर जेवायला घालतो. कालचं कालवण उरलंय. जरा तिखट आहे, पण तोंडाला चव येईल!"

ओहोटी लागली होती. भागीरथीने लुगडं गुडघ्यावर खोचलं, चिखलात पाय घातला आणि सुनेचा हात धरून ओढला.

"बघत काय उभी राहिलीस कुमे, चल लवकर, आपले मासे घरी त्याच्या ताब्यात एकटे आहेत!"