फिरकीचा तांब्या

एकदा एका तरुण सुवार्तिकाने आपली झोळी गुरूंच्या ओसरीवर आणून ठेवली आणि खाली मान घालून तो म्हणाला, "पाळकबाबा, ही तुमच्यापाशीच राहू द्या. हे काम माझ्याच्यानं होणार नाही."

सुवार्तिक म्हणजे प्रभू येशूची सुवार्ता सांगत वाड्यावस्त्यांवर फिरणारा मनुष्य. या तरुणाचे नाव शांतवन, पण त्या दिवशी त्याच्या चित्तात शांती औषधालाही नव्हती. तो ज्यांच्यापुढे उभा होता ते त्या भागातल्या ख्रिस्ती मंडळीचे वृद्ध पाळक. उभे आयुष्य त्यांनी डोंगरदऱ्या तुडवण्यात घालवले होते. आता गुडघे कुरकुरत, दात निम्मे गेलेले. तरी कुणाच्या घरी दुखणे आले की काठी टेकत सर्वांच्या आधी दारात हजर. अशी माणसे देव मोजकीच घडवतो, आणि एकदा घडवली की त्यांना सहजासहजी झिजू देत नाही.

"काय झालं?" पाळकबाबांनी विचारले.

"वरच्या वस्तीवर माझं कुणी ऐकत नाही."

वरची वस्ती म्हणजे डोंगराच्या माथ्याखाली सुपे आणि टोपल्या विणणाऱ्यांची थोडीशी घरे. खालच्या गावाला त्यांच्या टोपल्या चालत, त्यांच्या हातचे पाणी चालत नसे. बाजाराच्या दिवशी त्यांच्यापैकी कुणाला तहान लागली तर त्याने ओंजळ धरायची आणि गावातल्या कुणीतरी वरून पाणी ओतायचे. भांड्याला त्याचे बोट लागू द्यायचे नाही. ही रीत कुणी शिव्या देऊन पाळत नव्हते. चांगल्या हसतमुखाने, "अजून देऊ का रे?" असे विचारत पाळत होते. म्हणूनच ती अधिक खोल रुतली होती.

शांतवन पावसाळा सरल्यापासून त्या वस्तीवर जात होता. जीव तोडून बोलत होता. वाणी रसाळ, पाठांतर चोख, गळा गोड. नाव ठेवायला जागा नव्हती. आणि लोक अगदीच ऐकत नव्हते असेही नाही. "व्हय साहेब, खरं हाय साहेब," म्हणत आणि बांबूच्या कामट्या सोलत राहत. बसायला कुणी घोंगडी टाकत नसे. त्याचे बोलणे संपले की एकेक जण उठून जाई. त्याने वाटलेल्या पुस्तिका पुढच्या खेपेला अंगणात दगडाखाली नीट रचून ठेवलेल्या असत, साहेबांना परत न्यायला सोयीच्या पडाव्यात म्हणून. इतक्या सभ्यपणे कुणी कुणाला वाटेला लावले नसेल.

तालुक्याच्या गावी शांतवनच्या मामाचे किराणा दुकान होते आणि मामा त्याला कधीचा बोलावत होता. दुकानात बसण्याचे त्याला दुःख नव्हते. प्रभूने आपल्याला हाक मारली असे समजून आपण घर सोडले, ती हाक खोटीच होती की काय, हे त्याला आतून पोखरत होते.

पाळकबाबांनी झोळीकडे पाहिले, पण तिला हात लावला नाही. "उद्या एकदा माझ्यासंगती वर चल. त्यानंतर ठेवायची तर ठेव, मी अडवणार नाही. मात्र निघताना रोज नेतोस ते सगळं घे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघे निघाले. वैशाखाचे दिवस, ऊन चढायला वेळ लागत नाही. शांतवनच्या खांद्याला झोळी होती, फडक्यात भाकरी, कांदा नि शेंगदाण्याची चटणी होती, आणि हातात फिरकीचा तांब्या. झाकण फिरवून घट्ट बसवले की प्रवासात थेंब सांडत नाही, तसला तो पितळी तांब्या त्याला आईने दिला होता. तो कधी त्याच्यावाचून वर गेला नव्हता. वस्तीवर पाणी नव्हते. बायका पार खालच्या झऱ्यावरून हंडे डोक्यावर घेऊन चढत. "आधीच ते गरीब, त्यांच्या पाण्यावर आपण कशाला हात मारायचा?" असे तो म्हणे. प्रवचन झाले की वस्तीबाहेरच्या आंब्याखाली बसून तो आपली भाकरी खाई, आपले पाणी पिई आणि कुणाला तोशीस न देता खाली उतरे. तुम्हाआम्हालाही यात काही वावगे दिसले नसते.

निम्मी चढण झाल्यावर पाळकबाबा एका उंबराखाली टेकले. "तांब्या दे पाहू."

म्हाताऱ्याला तहान लागली असेल म्हणून शांतवनने झाकण काढून तांब्या पुढे केला. पाळकबाबांनी तो घेतला आणि शेजारच्या करवंदीच्या जाळीच्या मुळाशी सगळाच्या सगळा ओतून दिला. एवढ्यात वरून मोळ्या घेतलेल्या दोन बायका उतरत आल्या. "घ्या गं बायांनो, पोराबाळांना होईल," असे म्हणून पाळकबाबांनी भाकरीचे फडके उचलून त्यांच्या हाती दिले. बायकांनी एकवार शांतवनच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हा बेत बदलायच्या आत झपाझप वाटेला लागल्या.

शांतवनला राग आला. गुरूंवर रागावू नये हे त्याला ठाऊक होते, तरी आला. "बाबा, प्यायचं नव्हतं तर निदान राहू द्यायचं होतं. वर थेंबथेंब पाणी डोक्यावरनं आणतात लोक."

"ओझं होत होतं," पाळकबाबा गुडघ्यावर हात देऊन उठत म्हणाले.

"ओझं मी वाहत होतो."

"म्हणूनच म्हटलं."

पुढची वाट एक जण रागात चढला आणि दुसरा दम खात. वस्ती दिसू लागली तेव्हा शांतवनची जीभ टाळूला चिकटली होती.

पहिलेच घर झिमाआजीचे. वस्तीतली सर्वांत वडील बाई. तिचा शब्द तिथे खाली पडत नसे. ती अंगणात सूप विणत बसली होती. "या साहेब," ती म्हणाली, पण हात थांबला नाही की मान वर झाली नाही. पाळकबाबा कडेच्या दगडावर बसले. शांतवनने आशेने त्यांच्याकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतोस? तहान तुला लागलीय. माग."

"तुम्हाला नाही लागली?"

"लागलीय की. माझ्या वाटचंही तूच माग."

शांतवनने आजवर या अंगणात पुष्कळ काही दिले होते. प्रवचने दिली होती, पुस्तिका दिल्या होत्या, एकदा तापाच्या गोळ्याही दिल्या होत्या. मागितले मात्र काहीच नव्हते. शेवटी तो म्हणाला, "आज्जी, जरा पाणी मिळेल का?"

झिमाआजीचा हात थांबला. "पानी? तुमच्यापाशी तांब्या आसतो की."

"आज रिकामा आहे."

"मंग द्या इकडं, भरून देते. त्या आंब्याखाली बसून प्या, रोजच्यावानी."

रोजच्यावानी. तेवढा शब्द शांतवनला लागला. म्हणजे हे लोक रोज पाहत होते तर.

"नको आज्जी," तो म्हणाला. "तुमच्याच भांड्यातनं द्या."

"आमच्या भांड्यातनं? येगळं भांडं न्हाय बरं आमच्यात. चालंल का तुमाला?"

तिच्या स्वरात राग नव्हता, टोमणा नव्हता. बाजारात ओंजळ धरून उभे राहणाऱ्या माणसाची सवय होती. त्याबरोबर सगळे शांतवनच्या ध्यानात आले. तो ज्याला संकोच समजत होता, दया समजत होता, ते या अंगणातून वेगळेच दिसत होते. आणखी एक मनुष्य खालून येतो, गोड बोलतो, स्वतःचे पाणी स्वतः घेऊन येतो आणि आमच्या घरच्या घोटाला ओठ लावत नाही. प्रेमाच्या गोष्टी सांगतो आणि प्यायला आंब्याखाली जातो. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आजी आतून तांब्या भरून घेऊन आली. शांतवनने सवयीने तो तोंडापासून उंच धरला, वरून धार सोडायला. तसाच पीत होता तो लहानपणापासून. तेवढ्यात त्याची नजर आजीच्या डोळ्यांवर पडली. ती त्या उंच धरलेल्या तांब्याकडेच पाहत होती. त्याने तांब्या खाली आणला, काठाला ओठ लावले आणि घटाघटा प्याला. सदरा भिजला. मग पाळकबाबांनी तांब्या घेतला आणि तसाच ओठ लावून प्याले.

आजीने तांब्या परत घेतला. तळाशी घोटभर उरले होते. तिने तो विसळला नाही, पदराने पुसलाही नाही. उरलेला घोट ती स्वतः प्याली.

"मंग येवढं दिस का न्हाय मागितलंस रे लेका?" तिने विचारले. साहेब आता कुठल्या कुठे गेला होता.

"तुम्हाला लांबून आणावं लागतं म्हणून, आज्जी."

"आनि आमी म्हनलं, ह्यो बी त्यातलाच." तिने आत पाहून सुनेला हाक दिली. "अगं, घोंगडी टाक. चुलीम्होरं भाकर हाय ती आन."

शांतवन घोंगडीवर बसला. बोलायचे म्हणून त्याने पुष्कळ तयार करून आणले होते, पण त्यातले काही त्याला आठवेना आणि आठवावेसेही वाटेना. "आज्जी, एक गोष्ट सांगू?" तो म्हणाला. "एक वाटसरू होता. भर दुपारी दमून एका विहिरीवर बसला. तिथं एक बाई आली पाण्याला. तिच्या लोकांच्या हातचं पाणी त्याचे लोक घेत नसत. त्यात गाव तिला नावं ठेवायचं, म्हणून बिचारी कुणी नसताना यायची. हा तिला म्हणाला, बाई, मला प्यायला दे."

"तिच्याकडं मागितलं?"

"तिच्याकडंच. तिलाही नवल वाटलं. म्हणाली, तू माझ्या हातचं कसं मागतोस?"

"मंग? प्याला का त्यो?"

शांतवन अडला. इतकी वर्षे त्याने हा प्रसंग वाचला, शिकला, शिकवला. हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. "ते लिहिलेलं नाही, आज्जी. पुढं दोघांचं बोलणं झालं, आणि ती घागर तिथंच टाकून गावात सांगायला पळाली, एवढं आहे."

"लिवलं न्हाय म्हनं." झिमाआजी हसली. "आरं, प्यालाच आसनार. तहानलेला मानूस मागून तसाच उठंल व्हय?" तिने क्षणभर हातातल्या सुपाकडे पाहिले. "त्येचं नाव काय म्हनालास?"

ते नाव शांतवनने या अंगणात कितीदा तरी उच्चारले होते, मोठ्याने, स्पष्ट. विचारले मात्र आज पहिल्यांदा गेले होते. त्याने ते हळूच सांगितले, आणि त्याचे डोळे भरून आले.

ऊन कलल्यावर दोघे डोंगर उतरू लागले. उंबरापाशी पाळकबाबा पुन्हा टेकले.

"तुझ्या आजोबांनी प्रभूला धरलं ते कशावरून, ठाऊक आहे ना?"

"हो. त्यांच्या झोपडीत एक पाद्री आला होता. गाव ज्याला शिवत नसे त्या आजोबांच्या माठातलं पाणी प्याला."

"आणि बोलला काय?"

"ते आजोबांना कधी आठवलंच नाही. पाणी प्याला, एवढंच सांगायचे." बोलता बोलता शांतवनचे लक्ष हातातल्या रिकाम्या तांब्याकडे गेले. ही गोष्ट तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आला होता.

पाळकबाबा म्हणाले, "हाक खोटी नव्हती पोरा. तू ती अर्धी ऐकलीस. जा आणि सांग, एवढं ऐकून धावत सुटलास. ज्यानं पाठवलं तो स्वतः कसा आला, ते पाहायचं राहिलं. तो शिदोरी बांधून आला नाही. दुसऱ्याच्या गव्हाणीत निजला, दुसऱ्याच्या होडीत बसून बोलला, दुसऱ्याच्या ताटात जेवला. सगळं ज्याच्या हातात, तो जन्मभर मागत फिरला. का? जो नुसता देतो तो वर उभा राहतो. मग त्याचं देणं कितीही मोलाचं असो, समोरच्याला ओंजळच धरावी लागते. प्रभू देतो ते जिवंत पाणी तू नेत होतास यात शंका नाही. पण तू ते वरून ओतत होतास, भांड्याला बोट लागू न देता."

करवंदीच्या जाळीखालची माती अजून थोडी ओली होती. शांतवनने वाकून तिला हात लावून पाहिला. मग उठून त्याने म्हाताऱ्याला हात दिला आणि उरलेली वाट दोघे सावकाश उतरले.

ओसरीवर पोचल्यावर पाळकबाबांनी काठी कोपऱ्यात उभी केली. "झोळी ठेवायची होती ना तुला माझ्याकडे?"

"झोळी राहू द्या माझ्याकडे," शांतवन म्हणाला, आणि त्याने फिरकीचा तांब्या ओसरीवर ठेवला. "हा तेवढा तुमच्यापाशी ठेवा."