पल्याडच्या वाडीची वाट

परदेशात शिकताना ऋजुताने इंदूताईंची सगळी प्रवासवर्णनं वाचली होती. त्या विधानसभेला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या प्रचाराला धावत येताना तिला वाटलं होतं, वाघीण भेटेल. भेटल्या त्या हसतमुख बाई, येईल त्याला आधी चहा विचारणाऱ्या.

सगळ्या उमेदवारांच्या एकत्र सभेत त्यांचे प्रतिस्पर्धी, आमदार रावसाहेब यांनी टोमणा मारला, "जिचा पाय घरात टिकला नाही, ती इथे काय टिकणार?"

इंदूताईंनी हात जोडले. "खरंय. परक्या मुलखात लोकांनी वाट दाखवली, म्हणून जिवंत परतले. त्यांचे उपकार विसरत नाही. आज तुम्ही दाखवा. धरणापल्याडच्या भोईवाडीला कसं जायचं? बरोबर सांगा, मी उमेदवारी सोडते."

रावसाहेबांनी हात उडवला.

"त्यात काय? रस्त्याचा नारळ मीच फोडलाय. गाडीनं सरळ जा."

"सरळ गेलात तर बुडाल की, रावसाहेब," एक म्हातारी म्हणाली. मंडप हसला.

"नारळ फुटला, रस्ता झालाच नाही," इंदूताई शांतपणे म्हणाल्या. "लोक अजून होडीनंच येतात. माझा पाय घरात टिकला नाही, म्हणून मला ते ठाऊक."

अशी बाई आपल्याला लाभली, म्हणून ऋजुताचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवलं, इंदूताईंसाठी बसून भाषणं लिहिणं पुरे. मतदानापर्यंत भोईवाडीतच राहून तिथलं जगणं त्यांच्यासारखं स्वतः पाहायचं.