हरबा रेड्याची परीक्षा

सात डोंगरांपलीकडे नव्हे, अगदी शेजारीच एक जंगल होतं. तिथं सिंहाचं राज्य होतं. निवडणुकाही व्हायच्या, सिंहाला त्या फार आवडत.

सिंहाची गुहा टेकडीच्या माथ्यावर, नदी पायथ्याला. हरबा नावाचा रेडा पाठीवर चामड्याची पखाल लादून वर पाणी पोचवायचा. तरुणपणी एकदा वाटेत दरड कोसळली. हरबानं डोकं लढवलं, करवंदीच्या जाळीतून आडवाट काढली आणि वेळेवर पाणी पोचवलं. मुकादम लांडग्यानं त्याला झोडपून काढलं. "डोकं चालवायला वर मंडळी बसलीत. तू पाय चालव!"

तेव्हापासून हरबा पायच चालवत आला.

मग सिंहानं वाऱ्यावर फिरणारं पाणचक्र आणलं. पाणी आपोआप वर चढू लागलं. सभेत कोल्हा प्रधान गहिवरला, "बांधवांनो, यंत्र तुमचं काम हिरावणार नाही. फक्त कष्ट हिरावेल!"

"आणि वैरण?" हरबानं विचारलं.

"वैरण कष्टाची असते ना, हरबा? फुकटची तुला तरी गोड लागेल का?"

लांडग्यांनी टाळ्या वाजवल्या.

नव्या कामांसाठी परीक्षा ठरली. कोल्ह्यानं विचारलं, "वाटेत दरड कोसळली, तर काय कराल?"

हरबाला करवंदीची जाळी आठवली. लगेच पाठ ठणकली. "थांबेन, सरकार. हुकमाची वाट बघेन."

नापास. सगळेच रेडे, बैल, गाढवं नापास.

"यंत्र तयार आहे, जनावरंच तयार नाहीत!" कोल्ह्यानं जाहीर केलं आणि मुकादम लांडग्याला कौशल्यगुरू नेमलं. लांडगा रोज गर्जे, "स्वतंत्र विचार करा! मी सांगेन तसा!"

इकडे हरबाची गव्हाण रिकामी, रेडकं उपाशी. त्याची म्हैस पारू म्हणाली, "अहो, नदीपल्याड कुरण आहे म्हणतात. पण पाणी खोल, ओढही फार, रेडकं वाहून जातील. काहीतरी विचार करा."

"करू?" हरबानं आधी मागं वळून पाहिलं. लांडगा नव्हता.

विचार जडच गेला. पण संध्याकाळी त्यानं बिनकामाच्या पखाली गोळा केल्या, फुंकून हवा भरली, तोंडं आवळून बांधली आणि नदीत सोडल्या. त्यांना धरून रेडकं, बैल, गाढवं, सगळी पार झाली. पलीकडे हरबा कितीतरी वेळ उगाच हसत होता.

सकाळी कोल्ह्यानं लांडग्यांपुढं भाषण केलं, "मोहीम फत्ते! राज्यात आता एकही बेकार उरलेला नाही."

आकडा अगदी खरा होता.