परकं डिझेल

डिझेल संपून सभापती जगदेवरावांची नवीकोरी गाडी घाटात बंद पडली, ती नेमकी पारूबाईच्या दारात. आत पारूची सून सकाळपासून बाळंतपणात अडली होती. रक्त थांबत नव्हतं आणि अँब्युलन्सचा पत्ता नव्हता.

पारूनं विहिरीवरच्या इंजिनाचा डिझेलचा कॅन बाहेर आणला. "घ्या साहेब, पण माझ्या सुनेला दवाखान्यात पोचवा."

"माझ्या गाडीत परकं काही चालत नाही. सीटला डाग पडतील," सभापती म्हणाले. ड्रायव्हरनं कॅन हिसकावला.

पण टाकीला झाकणच नव्हतं, नुसती स्प्रिंगची झडप. कॅनच्या बारीक नळीनं ती उघडेना. अर्धं डिझेल चाकावर सांडलं.

"ए बाई, बघतेस काय? तुला जमतं का?" सभापती खेकसले.

"जमतं की. नवरा अँब्युलन्सवर होता, तिची टाकी अशीच."

"मग भर!"

पारूनं कॅन काढून घेतला. "कसं भरू? तुमच्या गाडीत परकं चालत नाही आणि हे डिझेल माझ्या घरचं. माझी सून आत बसली, तरच ते आत जाईल."

जगदेवरावांनी सुनसान रस्त्याकडे पाहिलं आणि दार उघडलं.

सुनेला निजवल्यावरच पारूनं स्टेपनीखालचं कंपनीचं नरसाळं काढून झडपेत घातलं.

सून वाचली. बाळ वाचलं नाही.

दवाखान्याबाहेर जगदेवराव ड्रायव्हरकडून सीटवरचा रक्ताचा डाग पुसून घेत होते.

"नीट पुसा, साहेब," पारू म्हणाली. "माझा नातू आहे तो."