दोन वैऱ्यांचं एकमत

कांचन बिडवेच्या पीएच.डी.चा आराखडा समितीपुढे आला, आणि समितीत नेमके डॉ. कोरान्ने! नदीच्या पाण्यावरून भांडणारे दोन शेजारी देश हा कांचनचा विषय, आणि त्यावरचा साडेसात हजार रुपयांचा जाडजूड ग्रंथ डॉक्टरांचाच.

तिची संदर्भसूची पाहताच ते उखडले. "सगळं इंटरनेटवरचं फुकटचं? याला संशोधन म्हणत नाहीत, बाई. आराखडा नामंजूर करा!"

कांचनच्या मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. याच हल्ल्याची ती महिनाभर वाट पाहत होती! तिने लॅपटॉप समितीकडे वळवला. डावीकडे एका देशाच्या परराष्ट्र खात्याचं संकेतस्थळ, उजवीकडे दुसऱ्याचं. दोन्हींवर मूळ पाणीकरार.

"सरकारं खोटं बोलतात!" डॉक्टर गरजले.

"बोलतात ना सर! म्हणून मी एकावर विसंबतच नाही. दोघांचे कागद समोरासमोर ठेवते आणि जुळेल तेवढंच घेते. हे दोघं सीमेवरून भांडतात, धरणावरून भांडतात, अगदी नदीच्या नावावरूनही भांडतात. चाळीस वर्षांत त्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालंय."

"कोणत्या?" अध्यक्षबाई पुढे झुकल्या.

"करारात कलमं बारा आहेत. सरांच्या ग्रंथात मात्र नऊच आहेत."

अध्यक्षबाईंनी समोरचा ग्रंथ उघडून कलमं मोजली, हसू दाबलं आणि आराखड्यावर सही ठोकली.

"कांचन, त्या दोन्ही संकेतस्थळांचे पत्ते कोरान्नेसरांना लिहून दे. दुसऱ्या आवृत्तीला लागतील."